शिफ्ट झालात की केलं?

'अरे, आम्ही बाणेरला शिफ्ट झालो!' हे वाक्य तुमच्या ऑफिस कॅन्टीनमध्ये महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच. त्याच टेबलावर एकाची पुढच्या आठवड्यात नाइट शिफ्ट असते, दुसरीची मीटिंग गुरुवारवर शिफ्ट झालेली असते. आणि बॉसनं ब्लेम कुणावर शिफ्ट केला, हा तर सगळ्यांच्याच आवडीचा विषय! एक इवलंसं इंग्रजी क्रियापद, पण त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

गंमत म्हणजे, जुन्या इंग्रजीत याचा अर्थ हलणं नव्हताच. मांडणी करणं, वाटून देणं, असा होता. हलवाहलवी नंतर चिकटली. मग आळीपाळीनं कामावर येणाऱ्या टोळ्यांना हा शब्द लागला आणि त्यातूनच तुमची नाइट शिफ्ट आली. कीबोर्डवरची शिफ्ट कीसुद्धा एकेकाळी शब्दशः शिफ्ट करायची. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ टाइपरायटरवर ती दाबली की यंत्राचा एक भाग खरोखर सरकायचा आणि कॅपिटल अक्षर उमटायचं. आता आत काहीच सरकत नाही. क्रिया गेली, नाव राहिलं.

मराठीत आल्यावर मात्र आपण या शब्दाला दोन शेपट्या लावल्या: होणं आणि करणं. इंग्रजीत एकटा शिफ्ट दोन्ही कामं निभावतो. आपल्याकडे 'शिफ्ट झालो' म्हणजे आपले आपण, आणि 'शिफ्ट केलं' म्हणजे मागे कुणाचा तरी हात. हलणं-हलवणं, उठणं-उठवणं, हा तोच हिशेब.

व्याकरणाचा तास वाटतोय? मग जरा नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्यात नर्मदेच्या काठी चला. सरदार सरोवर धरण आहे गुजरातेत, पण त्याचा फुगवटा मागे महाराष्ट्रात शिरतो. अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतली ३३ गावं त्यात सापडली. बहुतेक वस्ती भिल्ल आणि पावरा आदिवासींची. या गावांबद्दल कागदोपत्री काय लिहिलं जातं? 'कुटुंबे स्थलांतरित झाली.' झाली! जणू त्यांनी रविवारी सकाळी टेम्पो बोलावला, खोकी बांधली आणि निघाली.

सगळ्यात आधी पाणी आलं ते मणिबेलीत. काही कुटुंबं जमीन बघून गुजरातेत परवेट्याला गेली. काही हलायलाच तयार नव्हती. पोलीस बंदोबस्त लागला आणि १९९३ च्या पावसाळ्यात नदीकाठची घरं पाण्याखाली गेली. जे गेले तेही 'शिफ्ट झाले' आणि ज्यांना हलवलं तेही 'शिफ्ट झाले'. शब्द एकच, आणि तो इतका गुळगुळीत की हात कुणाचा होता ते दिसतच नाही.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा स्पष्ट होता. नर्मदा पाणी तंटा लवादानं १९७९ मध्येच सांगितलं होतं की पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनाखालची जमीन द्या आणि तीही बुडण्याच्या एक वर्ष आधी. म्हणजे आधी जमीन, मग पाणी. पुढची अनेक वर्षं नर्मदा बचाओ आंदोलन मोर्च्यांत आणि कोर्टात भांडलं, त्यातला मोठा भाग हा क्रम पाळला जातो की नाही यासाठीच होता.

आणि समजा जमीन मिळाली, तरी सगळं शिफ्ट होतं का? डोंगरात एकेक घर उतारावर दूरदूर. पुनर्वसनाच्या वसाहतीत प्लॉटला प्लॉट लागून. सातबारा नवा मिळतो. पण नदीतले मासे, मोहाची झाडं, फुकटचं सरपण आणि गुरांचा चारा टेम्पोत चढत नाही.

मणिबेलीचं नाव मात्र लांब शिफ्ट झालं. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी वर्ल्ड बँकेनं मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं, अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याचं नाव होतं 'मणिबेली जाहीरनामा'. शब्दशः पाण्यात गेलेलं गाव लाक्षणिक अर्थानं वॉशिंग्टनला पोचलं!

जे मागे राहिले, त्यांच्या भागात आता रस्त्याऐवजी पाणी आहे. २०२० च्या कोविडकाळात लोक भीतीनं अंगणवाडीत येईनासे झाले, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जायच्या. एकेका दिवसात अठरा किलोमीटर. बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांची तपासणी करायची, पोषण आहार पोचवायचा आणि परत यायचं. शिफ्ट म्हणतात ती याला. वर्क फ्रॉम होमवर कुरकुरणाऱ्यांनी मनातल्या मनात एक सलाम ठोकायला हरकत नाही.

तेव्हा तुम्ही बाणेरला शिफ्ट झालात, अभिनंदन! पार्टी कधी देताय? फक्त पुढच्या वेळी पेपरात 'रस्तारुंदीसाठी वस्ती शिफ्ट झाली' असं वाचलंत, तर कॉफीचा घोट जरा थांबवा आणि क्रियापदाची शेपटी तपासा. झाली, की केली? आणि केली असेल, तर कुणी? आणि आधी काय दिलं: घर, की नोटीस?