घराची तपासणी : अहवालाचीच कसोटी

नव्या सदनिकेचा ताबा घेण्यापूर्वी खासगी कंपनीकडून तपासणी करून घेण्याची पद्धत मुंबई-पुण्यात दिसू लागली आहे. ओलावा मोजणारे यंत्र, थर्मल कॅमेरा कोणालाही विकत घेता येतो. कंपनीचा दर्जा कळतो तो अहवालातून. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. मात्र गळती मूळची की रहिवाशाने केलेल्या फोडाफोडीनंतरची, असा वाद उद्भवल्यास 'भिंतीला ओल' एवढा मोघम शेरा कुचकामी ठरतो. नेमकी जागा, मोजमाप, दिनांकासह छायाचित्र हवे. शिवाय तपासणारी कंपनीच वॉटरप्रूफिंगचे कंत्राट मागू लागली, तर तिच्या निष्कर्षांवर विकासक बोट ठेवणारच!