कमी ताकदीच्या यंत्राचा भाव

आमच्या पिंपळे गुरवच्या घरात टीव्ही एकच आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ तो सौभाग्यवतींच्या मालिकांच्या ताब्यात असतो, पुढे बातम्यांपुरता माझ्या. चिरंजीव चाकणला नोकरीला. दुसरी पाळी असली की कंपनीची बस त्यांना मध्यरात्र उलटल्यावर सांगवी फाट्याला सोडते. अशा या घरात सध्या दिवाळीच्या बोनसमधून व्हिडिओ गेम कोणता घ्यायचा, यावर वाद पेटला आहे. चिरंजीवांचा कौल सोनीच्या प्लेस्टेशनला. "पैसे टाकायचेच तर ताकदीच्या मशीनवर टाकू." आठवीतला नातू मात्र निंटेंडोच्या स्विचवर अडून बसला आहे. "आजोबा, तो टीव्हीलाही लागतो आणि हातात घेऊन गच्चीवरही खेळता येतो!"

माझी उभी नोकरी कॉस्टिंग विभागात गेली. त्यामुळे वादात पडण्याऐवजी मी आकडे काढत बसलो आणि चक्रावून गेलो. स्विच 3 मार्च 2017 रोजी बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती सुमारे 300 डॉलर. त्या वेळी प्लेस्टेशन 4 देखील साधारण तेवढ्यालाच मिळत होता आणि ताकदीने तो कितीतरी सरस. स्विचमधली चिप तर 2015 पासून बाजारात असलेल्या जातीची. बॅटरीवर चालायचे, हातात तापायचे नाही, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास ठेवायचे, म्हटल्यावर ताकदीला कात्री लागणारच. म्हणजे माल हलका, भाव मात्र बरोबरीचा. तरीही तो जगभर पंधरा कोटींहून अधिक खपला. माझ्या कॉस्टिंगच्या वहीत हे बसेना. तिथे किंमत खालून वर चढते : कच्चा माल, मजुरी, वरखर्च, मग नफा. इथे ती भलत्याच ठिकाणाहून आलेली दिसते.

ते ठिकाण शोधायला जरा मागे जावे लागते. निंटेंडो ही क्योटोची कंपनी. 1889 साली ती निघाली ती पत्ते बनवायला! तिथे गुनपेई योकोई नावाचे एक अभियंता होते. नव्या, महागड्या तंत्राच्या मागे न लागता, जुने होऊन स्वस्त झालेले तंत्र नव्या कामाला लावावे, असा त्यांचा विचार. कॅल्क्युलेटरच्या स्वस्त पडद्यांवर त्यांनी 1980 मध्ये खिशातला खेळ काढला आणि 1989 मध्ये गेमबॉय. गेमबॉयचा पडदा रंगहीन आणि मिणमिणता, किंमत सुमारे 90 डॉलर. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या लिंक्सचा पडदा रंगीत आणि उजेडाचा, पण किंमत दुप्पट, आणि सहा सेल चार-पाच तासांत बसायचे. गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज ओढत असे. खेळणे विकत घेणारा बाप आणि सेल पुरवणारा बाप एकच असतो, हे योकोईंना नेमके कळले होते. (आमच्याकडे रिमोटचे सेल सुद्धा दाताने चावून आणखी आठवडाभर चालवण्याची पद्धत होती!) गेमबॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून अकरा कोटींवर खपले.

पण याच कंपनीचा भावाचा अंदाज एकदा सपशेल चुकला. 2011 च्या मार्चमध्ये तिने 3डीएस हा हातातला खेळ अमेरिकेत 250 डॉलरला आणला. चष्म्याशिवाय खोलीचे चित्र दिसते, ही त्याची करामत. गिऱ्हाईक फिरकेना. ऑगस्टमध्ये किंमत एकदम 170 डॉलरवर आणावी लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला. ज्यांनी आधी जादा पैसे मोजले, त्यांना भरपाई म्हणून वीस जुने खेळ फुकट दिले. किंमत उतरवली आणि यंत्र चालले. पुढे 2012 चा वी यू पडला तो केवळ भावामुळे नव्हे. ही नवी वस्तू की जुन्याच वस्तूचा जोड, हेच लोकांना समजेना. स्विचने मात्र ते एका चित्रात सांगितले : घरात टीव्हीला, बाहेर हातात.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर आकुर्डीकडे पाहावे. बजाजने 5 जुलै 2024 रोजी फ्रीडम 125 ही सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी मोटरसायकल 95 हजारांपासून पुढे बाजारात आणली. ताकदीत तिला त्याच कंपनीची पल्सर 125 सुद्धा मागे टाकते. तेव्हा विकायची ती पेट्रोलच्या खर्चातली बचत. त्याच डिसेंबरात काही प्रकारांचे भाव दहा हजारांपर्यंत उतरवले गेले. बचत पंपावर थेंबाथेंबाने होणार आणि जास्तीचे पैसे आज एकरकमी जाणार, हा हिशेब पगारदार माणूस दुकानातच उभ्या उभ्या करतो.

आता स्विच 2. तो 5 जून 2025 रोजी आला, 450 डॉलरला. चकतीचे खाते नसलेला प्लेस्टेशन 5 तेव्हा अमेरिकेत नेमका तेवढ्यालाच होता. पहिल्या चार दिवसांत 35 लाख नग गेले. मायदेशात मात्र कंपनीने हात आखडता घेतला : केवळ जपानी भाषेचा नग 49,980 येनना, सर्व भाषांचा 69,980 येनना. घरचे गिऱ्हाईक दुखवायचे नाही आणि स्वस्त नग परदेशी पळवू द्यायचा नाही, दोन्ही एका फटक्यात. ही किंमत ठरवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. पण त्यासोबतच आलेल्या मारिओ कार्टच्या नव्या खेळाला 80 डॉलर, म्हणजे साडेसहा हजारांवर रुपये, हे मात्र मला पटले नाही. यंत्र एकदा घेतले जाते, खेळ दर वाढदिवसाला मागितला जातो.

आणि आपल्याकडे? प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 रुपयांना आला, नोव्हेंबर 2022 मध्ये 54,990 झाला. महाग, पण छापील किंमत आहे, हमीपत्र आहे. स्विच 2 जून 2025 मध्ये जगभर निघाला तेव्हा भारतात तो कंपनीने अधिकृतपणे आणलाच नाही. बाहेरून आणलेला मिळतो. दुकानदार सांगेल तो भाव. एक टीव्ही, दोन खोल्या आणि चार माणसे अशा घरांना जे यंत्र सोयीचे, त्यालाच इथे ठरलेली किंमत नाही! कंपनीच्या बाजूनेही विचार केला. हातात घेऊन खेळायचा प्रश्न आपल्याकडे मोबाइलने, तोही फुकटच्या खेळांवर, केव्हाच सोडवून टाकला आहे. स्विचची इथली खरी स्पर्धा प्लेस्टेशनशी नाहीच, सुनेच्या मोबाइलशी आहे. नातू रोज अर्धा तास तो मागून घेतो.

शेवटी मी जुन्या सवयीने तक्ता आखला : घरातला टीव्ही कोणत्या वेळी मोकळा असतो. दुपारी नातू शाळेत. संध्याकाळ मालिकांची. रविवारी क्रिकेट. मोकळा रकाना एकच उरला, रात्री साडेबारा ते दोन. तक्ता चिरंजीवांपुढे ठेवला आणि विचारले, "तुझ्या त्या ताकदीच्या मशीनवर नक्की कोण खेळणार?"

पस्तिशीतला गृहस्थ, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आतून सूनबाईंचा आवाज आला, "आवाज बारीक ठेवणार असाल तर माझी हरकत नाही."