भंडारा हळदीचाच हवा
कुर्ली-आप्पाचीवाडीत हालसिद्धनाथाची भाकणूक म्हणजे भविष्यवाणी ऐकायला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं जमतात आणि निपाणीजवळचं हे गाव भंडाऱ्यानं, म्हणजे हळदीच्या पुडीनं, पिवळंधमक होतं. सौंदत्तीच्या यल्लम्मालाही भंडाऱ्याचाच मान. जखम भरणाऱ्या याच हळदीवर अमेरिकेनं १९९५ साली पेटंट दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. परक्यांशी भांडलो, घरची भेसळ मात्र चालते! हळदीत पिवळेपणासाठी मिसळलं जाणारं लेड क्रोमेट अंगात शिसं भिनवतं, आणि भंडारा तर नाकातोंडात जातो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांचं कौतुक नंतर. ते शरीरात फारसं शोषलंच जात नाही. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक वैद्यक संस्था आहे. तिची मदत घेऊन अन्नसुरक्षा विभागानं यात्रेआधीच दुकानांतला भंडारा तपासावा.