सत्तर हजार कोटींचं पाणी कुठं मुरलं?



पगाराच्या चिठ्ठीवर एक बारीक ओळ असते. व्यवसाय कर, रुपये 200. फेब्रुवारीत तिचे 300 होतात. आपण हातात किती पडले तेवढं बघतो आणि चिठ्ठी खिशात कोंबतो. हा कर 1975 साली लागला. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीचं काम निघालं, त्यासाठी पगारदारानं चार पैसे द्यावेत आणि सरकारनं आपल्याकडून तेवढेच घालावेत, असं ठरलं. त्या पैशाचं मला दुःख नाही. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला होती.

पण "गरीब कुठं कर भरतो?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. साबणाच्या वडीवर, चहाच्या पुड्यावर, पोराच्या चपलेवर जी.एस.टी. आहे. त्या वडीवर शेठजी जेवढा कर भरतो तेवढाच बदली कामगार भरतो. शेठजीला तो कळतही नाही, आपल्याला कळतो.

आता या पैशाचं झालं काय ते ऐका. दहा वर्षांत महाराष्ट्रात पाटबंधाऱ्यांवर सुमारे 70,000 कोटी रुपये खर्च झाले. आणि राज्य सरकारच्याच 2011-12 च्या आर्थिक पाहणीत ओलिताचं प्रमाण किती वाढलं? शेकडा 17.8 होतं, ते 17.9 झालं! ओरड झाली तेव्हा नोव्हेंबर 2012 मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढली. तिच्यात वाढ निघाली 5.17 टक्के. एकच सरकार, एकच पाणी, आणि हिशेब दोन. आपल्या रिंग खात्यात कुणी एका पाळीच्या सुताचे दोन आकडे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी तो गेटाच्या बाहेर असतो.

विदर्भात तर कमाल झाली. तिथल्या पाटबंधारे महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत 2009 साली अवघ्या काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली. कापूस महागला की सूत महागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण काही महिन्यांत चौपट? असा कुठला सिमेंटचा भाव आहे? पाटबंधारे खात्याचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 साली पत्र लिहून ही घाण उघड्यावर आणली. त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात परत शपथ घेतली. माधवराव चितळे समितीचा अहवाल 2014 साली आला. 2019 साली लाचलुचपत खात्यानं कोर्टात सांगितलं की पवारांवर ठपका नाही. बरं, नसेल. दोष कुणाचा ते कोर्टानं बघावं. माझा सवाल त्याहून साधा आहे. पाणी कुठं आहे?

आमच्या परभणी जिल्ह्याचंच घ्या. पैठणच्या जायकवाडीची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली. डावा कालवा 208 किलोमीटरचा, तो आमच्याकडं येतो. पण टोकाला असणाऱ्याचं नशीब तुम्हाला ठाऊकच आहे, जसं चाळीतल्या शेवटच्या खोलीचं नळाला. आमच्या शिवारातून चारी गेली आहे. तिच्यात मी कधी पोहलो नाही, आम्ही पोरं तिच्यात विटीदांडू खेळलो. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धरणांवर एवढा पैसा ओतलेल्या राज्यात पाण्याला आगगाडी!

त्याचा गिरणीशी काय संबंध, असं काही जण विचारतात. अहो, पाणी नाही तर कापूस नाही. कापूस नाही तर जिनिंगचा भोंगा बंद, मग चात्या बंद. त्या साली मी ज्या गिरणीत बदलीवर होतो तिथं आम्हाला गेटावरूनच परत पाठवत. बायकोनं कानातलं मोडलं. शेतकऱ्याचं वाळलं ते आपल्याच ताटातलं वाळलं.

आपली लोकं म्हणतात, "जाऊ द्या बा, सरकारचा पैसा." सरकारचं काय पैशाचं झाड आहे? 1 मे 1960 ला मराठी राज्य झालं ते मुंबईच्या गिरणी कामगारांनी छातीवर गोळ्या घेतल्या म्हणून. आम्ही मराठवाड्याची माणसं 1948 साली निजामाच्या जाचातून सुटून या राज्यात आलो. राज्य आपलं, तर चोपडीही आपली. ती उघडून दाखवायला लाज कसली?

आमचं मागणं एवढंच. प्रत्येक गावच्या चावडीवर फळा लागला पाहिजे. कामाचं नाव, पहिली किंमत, आजची किंमत, ठेकेदार कोण, आणि भिजलेली जमीन किती एकर. भिंत किती उंच झाली ते नको, एकर सांगा. तोवर नवी निविदा नको.

2005 च्या माहितीच्या कायद्यानं हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. रविवारी पहिली पाळी सुटली की युनियनच्या कचेरीत या. अर्ज लिहून ठेवले आहेत, गावाचं नाव तेवढं घालायचं. सही येत नसेल त्यानं अंगठा द्यावा. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट ज्यानं त्यानं आणावं.