खतना : परदेशात मनाई, मायदेशी मोकळीक

मुलींच्या जननेंद्रियांची काटछाट करण्याची प्रथा म्हटली की सोमालिया, सुदान, इजिप्त अशी नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु हीच प्रथा थोड्या निराळ्या स्वरूपात भारतातही पाळली जाते. ज्यांचे धर्मपीठ मुंबईत आहे त्या दाऊदी बोहरा समाजात मुलगी सात वर्षांची झाली की तिचा 'खतना' करण्याची रूढी आहे. धार्मिक परिभाषेत तिला 'खफ्ज' म्हणतात. व्यापारउदिमात पुढारलेल्या आणि मुलींच्या शिक्षणाबाबत जागरूक असलेल्या समाजात ही रूढी टिकून असल्याने केवळ अज्ञानाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही.

'युनिसेफ'च्या २०२४च्या अहवालानुसार जगातील २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया या प्रथेला बळी पडल्या असून, त्यांपैकी सुमारे ८ कोटी आशियातील आहेत. या गणतीत भारत नाही. अशा प्रकारांची अधिकृत आकडेवारी वा अभ्यास उपलब्ध नसल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. 'सहियो' या बोहरा महिलांनीच स्थापन केलेल्या संस्थेने ३८५ महिलांची ऑनलाइन पाहणी केली, तेव्हा त्यांतील ८० टक्के महिलांनी आपला खतना झाल्याचे सांगितले. स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची ही पाहणी असल्याने ती संपूर्ण समाजाला लागू करता येणार नाही. मात्र 'आपल्याकडे असे काही घडतच नाही' हा समज त्यामुळे खोटा ठरला.

इजा की संस्कार?

प्रथेच्या समर्थकांचे म्हणणे दुर्लक्षिता येण्याजोगे नाही, कारण त्यांत महिलाही आहेत. 'दाऊदी बोहरा विमेन्स असोसिएशन फॉर रिलिजियस फ्रीडम' या संघटनेने न्यायालयात अशी भूमिका घेतली, की खफ्जमध्ये केवळ शिश्निकेवरील त्वचेला नाममात्र छेद दिला जातो. आफ्रिकेतील विच्छेदनाशी त्याची तुलना करणे हा समाजाचा अवमान आहे; तो धर्माचा अविभाज्य भाग आहे आणि मुलांची सुंता कायद्याला मान्य असेल, तर मुलींबाबतच आक्षेप का, असाही त्यांचा सवाल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचे मत वेगळे आहे. शिश्निकेवरील त्वचा काढणे हा या संघटनेच्या वर्गीकरणात विच्छेदनाचाच पहिला प्रकार असून, वैद्यकीय कारणाविना टोचणे वा छेद देणेही चौथ्या प्रकारात मोडते. मुलांच्या सुंतेने एचआयव्हीसारख्या संसर्गाचा धोका काही अंशी घटतो. मुलींच्या बाबतीत मात्र आरोग्याचा एकही लाभ आढळलेला नाही. तीव्र वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, पुढे लैंगिक संबंधांतील वेदना आणि मनावरचा आघात हे दुष्परिणाम नोंदविले गेले आहेत. काटछाट जितकी अधिक तितका धोका मोठा, हे खरे. परंतु सात वर्षांच्या चुळबुळत्या मुलीच्या इतक्या नाजूक अवयवावर 'नाममात्र' छेद नाममात्रच राहील, याची हमी कोणी द्यायची?

न्यायालयाची वाट

२०१७ मध्ये या प्रथेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. भारतीय दंडविधान आणि 'पॉक्सो' कायद्यान्वये हा प्रकार दंडनीयच आहे, अशी बाजू केंद्राने मांडली. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यात आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते शबरीमला फेरविचाराच्या निमित्ताने उपस्थित झालेल्या व्यापक प्रश्नांशी जोडले गेले. २०२५ उजाडले तरी त्याचा निकाल लागला नव्हता. या काळात कितीतरी मुलींनी सात वर्षांचे वय ओलांडले.

परदेशात मात्र वेगळे घडले. ऑस्ट्रेलियात दोन बहिणींच्या खतन्याप्रकरणी समाजाच्या एका प्रमुखासह तिघांना २०१५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. पुढे याच खटल्यात, इजा किती किरकोळ आहे हा प्रश्न गैरलागू असल्याचा अर्थ तेथील उच्चतम न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लावला. २०१५च्या निकालानंतर अनेक पाश्चात्य देशांतील बोहरा जमातींनी, स्थानिक कायद्याचा मान राखून खतना करू नये, अशी पत्रे काढली. जून २०१६ मध्ये धर्मपीठानेही प्रथेचे धार्मिक महत्त्व कायम ठेवत, जेथे कायद्याने मनाई असेल तेथे तो पाळावा, असे स्पष्ट केले.

प्रथा अविभाज्य असल्याच्या युक्तिवादाला यातून छेद जातो. सिडनी वा लंडनमध्ये जी रूढी सोडूनही धर्म अबाधित राहतो, ती मुंबई वा सुरतेत अनिवार्य कशी? भारतात हिचे नाव घेऊन मनाई करणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही, एवढाच काय तो फरक.

अर्थात कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. गाम्बियाने २०१५ मध्ये बंदी घातली. तरीही २०२४ मध्ये ती उठविण्याचे विधेयक संसदेत आले आणि दुसऱ्या वाचनात ४२ विरुद्ध ४ मतांनी पुढे सरकले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते फेटाळले गेले खरे, पण समाजमन तयार नसेल तर कायदाही डळमळतो, हा धडा मागे उरला. भारतात त्या दृष्टीने अनुकूल बाब ही, की विरोधाचा आवाज समाजातूनच, खतना सोसलेल्या बोहरा महिलांकडून उठला आहे. सज्ञान स्त्रीने आपल्या श्रद्धेविषयी काय ठरवावे, हा तिचा अधिकार. तो तिला पुढे वापरता यावा, यासाठी सातव्या वर्षी तिच्या शरीराबाबतचा निर्णय इतरांनी घेऊन टाकता कामा नये.