‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’

फोन सुरू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकला, की जिल्ह्याच्या बाजारपेठेपासून बेंबळीच्या चौकापर्यंत निदान एकच: ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ या वाक्यातले क्रियापद आमच्या मते अगदी अचूक आहे. फक्त मरते ते सॉफ्टवेअर नव्हे. मरतो तो फोनमधला मजकूर.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे आमचेच सहकारी विचारतील. आज लोकसाहित्य गोळा करायला निघालेला विद्यार्थी वहीपेक्षा फोनवर विसंबतो. गिरणी आली, जाते थांबले. तरी बेंबळीसारख्या गावात एखाद्या आजीच्या कंठात ओव्या शिल्लक असतात. तिने त्या म्हटल्या की त्यांची एकमेव संहिता त्या फोनमध्ये जाऊन बसते. छापील ग्रंथातल्या पाठभेदांवर आपण तासन्‌तास वाद घालतो आणि ही संहिता दहा मिनिटांत पुसली जाते, तिला मात्र ‘तांत्रिक अडचण’ म्हणून मोकळे होतो!

वस्तुतः चिन्हावर अडकणे म्हणजे मजकूर नष्ट होणे नव्हे. साठवणुकीची जागा काठोकाठ भरलेली असते, अद्यतन अर्धवट झालेले असते, एखादे अ‍ॅप बिघडलेले असते किंवा बॅटरी थकलेली असते. म्हणून आधी फोन पुरेसा चार्ज करावा. बंद करण्याचे बटण, काही फोनांत आवाजाच्या बटणासह, दाबून धरून तो सक्तीने पुन्हा सुरू करावा. मग ‘सेफ मोड’ पाहावा. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात. तिथे फोन उघडला, तर आधी ध्वनिमुद्रणांची प्रत काढावी, दुरुस्ती मागाहून. नाहीच उघडला, तर मजकूर न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येईल का, हे सेवाकेंद्रात विचारावे. ‘फॅक्टरी रीसेट’ हा शेवटचा उपाय. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांत मजकूर कूटबद्ध ठेवणे सक्तीचे झाले आहे. रीसेटमध्ये त्याची किल्लीच नाहीशी होते. मग कितीही निष्णात कारागीर असो, परत काही मिळत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्या आज वाचता-ऐकता येतात, कारण त्या लिहून घेतल्या, वर्गवार लावल्या आणि जपल्या. जमवणे हे निम्मे काम. जपणे हे उरलेले निम्मे. आमच्या विभागांतून पहिल्या निम्म्याला गुण मिळतात, दुसऱ्याची चौकशीही होत नाही. मौखिकीत संदर्भसूचीतला स्वल्पविराम तपासला जातो. ध्वनिमुद्रण कुठे आहे, हे कोण विचारतो?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. आमची मागणी त्यामानाने क्षुल्लक आहे: प्रत्येक क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाची एक प्रत विभागात जमा झाल्याखेरीज प्रकल्प स्वीकारू नये. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर बिघडलेला फोन असतो. आत आजी आहे, हे आपल्यालाच माहीत असते.