अडलेल्याच्या माथी विमा

हैदराबादेतील मलकपेठ बाहेरच्यांना घोड्यांच्या शर्यतीमुळे ठाऊक असली, तरी व्यापाऱ्यांच्या लेखी तिची ओळख तेथील गंजाची आहे. मिरची आणि कांदा यांच्या ह्या घाऊक बाजारात महाराष्ट्राचा कांदा येऊन उतरतो, आणि त्यामुळे तेलुगू व दखनी उर्दूच्या जोडीला मराठी बोलही तेथे कानी पडतात. अशा पेठेत माल खेळतो तसे कर्जही खेळते. त्याच शहराच्या पश्चिम टोकाला, नानकरामगुड्यास, देशभरच्या विमा व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे मुख्यालय आहे. कर्जासाठी अडलेला व्यापारी आणि त्याच्या विम्याचा राखणदार असे एकाच शहरात नांदतात. मात्र एकाची कैफियत दुसऱ्याच्या कानी पोहोचण्यास किती उंबरठे झिजवावे लागतात, हे पाहिले म्हणजे ह्या अंतराचे खरे माप कळते.

कैफियत कोणती, ते सांगावयास हवे. कर्ज मंजूर होण्याच्या सुमारास कर्जदारापुढे कागदांची चळत ठेवली जाते. खुणा केलेल्या जागी तो सह्या करीत जातो. त्या चळतीत एक कागद विम्याचा असतो. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास किंवा तो अपंग झाल्यास थकलेले कर्ज विमा कंपनीने फेडावे, असा हा करार. विमा घेतल्यावाचून कर्ज मिळणार नाही, असे कोणी स्पष्ट म्हणते. कोणी तसे न म्हणता सुचविते. कित्येकदा तर काहीच सांगितले जात नाही. विम्याचा संपूर्ण प्रीमियम एकरकमी कापला जातो व तो कर्जाच्या मुदलातच मिळविला जातो. दहा लाखांच्या कर्जावर चाळीस हजारांचा प्रीमियम असा चढविला, व्याजाचा दर बारा टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर त्या चाळीस हजारांपोटी कर्जदार अखेर सुमारे ५३,४०० रुपये भरतो. मागितलेली नव्हती अशी वस्तू घ्यावयाची, आणि तिच्या किमतीवर व्याजही द्यावयाचे! कर्ज दोन वर्षांतच फिटले, तर उरलेल्या तीन वर्षांच्या प्रीमियमचे काय झाले, हे विचारण्याचे बहुतेकांना सुचतही नाही.

विमा मुळात वाईट, असे आमचे म्हणणे नाही. घरचा कर्ता गेल्यावर कर्जाचा बोजा विधवेच्या व मुलांच्या डोक्यावर पडू नये, ही योजना शहाणपणाचीच आहे. आक्षेप आहे तो विक्रीच्या रीतीवर. घाईत विकलेल्या विम्याचा अर्ज पुष्कळदा विकणाराच भरतो. प्रकृतीविषयीच्या प्रश्नांपुढे तोच ‘नाही’ असे लिहून टाकतो. कर्जदाराचा मधुमेह वा रक्तदाब तेथे नोंदलाच जात नाही, आणि पुढे प्रसंग ओढवला म्हणजे माहिती दडविल्याचे कारण देऊन दावा नाकारला जातो. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने तीन वर्षांनंतर जीवन विमा कोणत्याही कारणाने अमान्य करण्यास मनाई केली, हा दिलासा खरा. पण मृत्यू तीन वर्षे थांबत नाही. ज्या कुटुंबाने विम्याच्या भरवशावर दुसरी तजवीज केली नाही, ते अशा वेळी दुहेरी बुडते.

हे सारे कोणास ठाऊक नाही, असे मुळीच नाही. बँकांच्या गळी विमा उतरविण्याच्या ह्या प्रकारामुळे कर्जाचा खर्च अप्रत्यक्षपणे वाढतो, असे खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांच्याच परिषदेत बोलून दाखविले होते. विशिष्ट कंपनीचा विमा ग्राहकावर लादू नये व बँकेच्या अन्य सेवेशी त्याची सांगड घालू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१६ सालच्या निर्देशांत बजावलेच होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ व लघुउद्योग कर्जांबरोबर मुख्य तपशिलाचे पत्रक देणे सक्तीचे झाले, आणि बँक वसूल करीत असलेला विम्याचा खर्चही वार्षिक दराच्या हिशेबात दाखविणे आवश्यक ठरले. नियमांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो नियम मोडणाऱ्यास त्याची झळ पोहोचविण्याचा.

तक्रारीची वाटही कागदावर सोपी आहे. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती न पटल्यास परत करता येते. ही मुदत २०२४ च्या नियमांनी दिलेली आहे. त्यानंतर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावयाचा. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ ह्या व्यवस्थेकडे किंवा १५५२५५ ह्या दूरध्वनीवरही तक्रार नोंदविता येते. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. बँकेच्या वर्तणुकीविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाही.

मग घोडे अडते कोठे? ते अडते सहीपाशी. ‘आपण स्वेच्छेने सही केली आहे,’ हे एक वाक्य कर्जदाराच्या तोंडावर फेकले जाते. सही कोणत्या परिस्थितीत झाली, कागद कोणत्या भाषेत होता, काय सांगितले व काय सांगितले नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ह्या अवस्थेत असलेल्या माणसाने त्या क्षणी साक्षीदार कोठून आणावेत? दुसरी अडचण अधिकाराच्या वाटणीची. बँक म्हणते, विमा कंपनीचा आहे, तेथे विचारा. कंपनी म्हणते, विक्री बँकेने केली, तेथे जा. बँकांचा नियामक मुंबईत, विम्याचा हैदराबादेत. दोहोंच्या मध्ये कर्जदाराचा चेंडू होतो. म्हापशाच्या बाजारातील दुकानदार असो, फोंड्याचा टेम्पोवाला असो की मडगावात घर बांधणारा नोकरदार असो, मलकपेठेच्या व्यापाऱ्याहून त्याची स्थिती वेगळी नाही.

ह्या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’ ह्या नावाने हाच माल कर्जे, गहाणखते व क्रेडिट कार्डे यांच्याबरोबर सर्रास खपविला गेला. बेकारीच्या विम्याचा लाभ ज्यास मिळणेच शक्य नव्हते, अशा स्वतंत्र धंदेवाल्यासही तो विकला गेला. ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ ह्या संस्थेने २००५ मध्ये सरकारी व्यापार नियंत्रकांकडे ह्याविरुद्ध सामुदायिक स्वरूपाची तक्रार केली. ऑगस्ट २०१० मध्ये वित्तीय नियामकाने बँकांना तक्रारी कशा सोडवाव्यात ह्याचे दंडक घालून दिले. इतकेच नव्हे, तर विक्रीतच खोट आढळल्यास तक्रार न केलेल्या ग्राहकांचाही विचार करण्यास त्यांस बांधून घेतले. बँकांच्या संघटनेने ह्यास न्यायालयात आव्हान दिले. एप्रिल २०११ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते फेटाळले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात तर प्रीमियमपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम दलालीत गेल्याचे आणि ती ग्राहकापासून दडविली गेल्याचे दिसून आले. हा व्यवहार न्यायालयाने अन्याय्य ठरविला. २९ ऑगस्ट २०१९ ही दाव्यांची अखेरची तारीख होती. २०११ पासून सुमारे ३८ अब्ज पौंड ग्राहकांच्या पदरी परत पडले. ह्या यशालाही किडी लागल्याच. दावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांनी भरपाईचा मोठा लचका तोडला, आणि २०१८ साली त्यांच्या मोबदल्यावर वीस टक्क्यांची मर्यादा कायद्याने घालावी लागली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तेथील ग्राहक आपल्या ग्राहकापेक्षा अधिक शूर वा अधिक सुशिक्षित होता म्हणून तो जिंकला नाही. त्याने एकट्याने लढावे, ही अपेक्षाच नियामकाने सोडून दिली. विकणाऱ्याने आपल्या विक्रीचा हिशेब द्यावा, हे तत्त्व प्रस्थापित झाले, तेव्हा पैसे परत येऊ लागले. आपल्याकडेही असे घडू शकते, ह्याचा लहानसा दाखला अविभाजित आंध्र प्रदेशातच आहे. २०१० साली तेथील सूक्ष्मकर्जाच्या वसुलीतील जाच आणि आत्महत्यांच्या वार्ता यांनी खळबळ उडाली. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला. पुढे मालेगाम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने २०११ अखेर जे नियम केले, त्यांत कर्जदाराकडून विम्याचा केवळ प्रत्यक्ष खर्चच घ्यावा, असे बंधन आले. पण त्यासाठी आधी केवढा आकांत व्हावा लागला!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कर्जाबरोबर विकलेल्या विम्याचा प्रीमियम मुदलात मिळविण्यास मनाई असावी. तो ग्राहकाने स्वतंत्रपणे, स्वतंत्र दिवशी, आपल्या हाताने द्यावा. संमतीचा कागद मराठी, कोंकणी, तेलुगू अशा कर्जदाराच्या भाषेत असावा आणि त्यावर बँकेस मिळणारी दलाली ठळक छापलेली असावी. वाद उद्भवल्यास विक्री रास्त होती, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर व कंपनीवर टाकावा. मुंबई व हैदराबाद येथील दोन्ही नियामकांनी अशा तक्रारींसाठी एकच दार उघडावे. आणि एखाद्या शाखेविरुद्ध सारख्याच तक्रारी येऊ लागल्या, तर तेथील सर्व विक्रीची फेरतपासणी करून, न मागताही, पैसे व्याजासह परत करण्याचा हुकूम द्यावा. तक्रार करणाऱ्या एकट्यास गुपचूप रक्कम देऊन प्रकरण मिटविणे आणि बाकीच्या शंभरांच्या पैशांवर डल्ला कायम ठेवणे, हा कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार होय.

तोवर वाचकांनी स्वस्थ बसावे, असे मात्र नव्हे. ज्यांच्यावर कर्ज आहे, त्यांनी आजच मंजुरीपत्र व खात्याचा उतारा काढून पाहावा. त्यात विम्याची रक्कम दिसल्यास विम्याचे प्रमाणपत्र मागावे, बँकेस व कंपनीस दोघांनाही एकाच मजकुराचे पत्र द्यावे आणि पोच घेतल्यावाचून परतू नये. तोंडी आश्वासनाला ह्या व्यवहारात कवडीची किंमत नाही. एकाच्या तक्रारीची वाटेल तशी वासलात लावता येते; पण म्हापसा, मडगाव आणि मलकपेठ येथून एकसारखी शेकडो पत्रे एकाच आठवड्यात टेबलावर पडली, तर ती केराच्या टोपलीत टाकणे कोणत्याही नियामकास सोपे जाणार नाही.